गोल्फचं जीपीएस चुकीचं अंतर दाखवतंय? आधी चूक कशी वागते ते बघा

रविवारी सकाळी पहिल्या टी-पाशी (जिथून पहिला फटका मारतात तिथे) कुणीतरी हातातलं जीपीएस माझ्यासमोर धरतंच. "बघा हो काका, मी १५० यार्डांच्या खुणेवर उभा होतो आणि हे १३७ दाखवत होतं. गेलं का हे?" माझं आयुष्य जमीन मोजण्यात गेलं. आधी साखळी आणि टेप, मग टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र), शेवटची काही वर्षं डीजीपीएस. त्यामुळे पुण्यातल्या आमच्या चौकडीत हे काम आपसूक माझ्याकडे आलं आणि तिथून बाकीच्या चौकड्यांत पसरलं. तीच तक्रार इतक्या वेळा सोडवली आहे, की आता ती एकदा नीट लिहून ठेवतो.

हे सगळं हातात धरायच्या किंवा पट्ट्याला अडकवायच्या गोल्फ जीपीएसबद्दल आहे. लेझर रेंजफाइंडरची दुखणी वेगळी असतात.

लक्षणं

तुमच्या यंत्राचं दुखणं यातलं कुठलं, ते आधी ठरवा.

- प्रत्येक होलवर (टी-पासून ग्रीनपर्यंतच्या टप्प्यावर) आकडा साधारण एक दशांशानं कमी किंवा जास्त येतो. लांबून फरक मोठा असतो, ग्रीनजवळ (भोक आणि झेंडा असलेल्या हिरवळीजवळ) गेलं की लहान होतो.
- सतरा होल बरोबर. एकाच होलवर दहा-पंधरा यार्डांचा फरक, आणि तोही दर आठवड्याला तेवढाच.
- आकडा भलताच. ग्रीन समोर दिसतंय आणि यंत्र ६२० म्हणतंय.
- एका जागी उभं राहिलं तरी आकडा १४२, १५१, १३८ असा हलत राहतो.
- चालत राहिलं तरी आकडा तसाच, मग एकदम तीस यार्डांनी खाली.
- पहिल्या टीवर दहा-पंधरा मिनिटं 'उपग्रह शोधत आहे'.
- तारीख कित्येक वर्षं मागची.
- बाराव्या-तेराव्या होलला यंत्र बंद.

चूक किती यार्डांची आहे यापेक्षा ती कशी वागते याकडे लक्ष द्या. मोजणीच्या कामात नव्या माणसाला हेच आधी शिकवतात. अंतराच्या प्रमाणात वाढणारी चूक एककाची असते. एकाच ठिकाणी ठाम बसलेली चूक नकाशाची असते. इकडेतिकडे भटकणारी चूक सिग्नलची असते. एवढं ओळखता आलं तर खालच्यातल्या अर्ध्या तपासण्या करायची वेळच येत नाही.

किती फरकाला बिघाड म्हणायचं

उघड्या आकाशाखाली साधं जीपीएस आपली जागा साधारण पाच मीटरच्या आत सांगतं, म्हणजे पाच-साडेपाच यार्ड. एका आयर्नपासून (लोखंडी क्लबपासून) पुढच्या आयर्नपर्यंतचा फरक बहुतेकांचा दहा-बारा यार्डांचा असतो. त्यामुळे खुणेवर १५० असताना यंत्रानं १४६ किंवा १५३ दाखवलं तर ते चांगलं चाललंय असं समजा. मे २००० च्या सुरुवातीपर्यंत अमेरिका नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे आणि जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. ती चूक काढून घेतली म्हणून आज हे यंत्र गोल्फच्या उपयोगाचं आहे. सात-आठ यार्डांच्या वरचा फरक पुन्हा पुन्हा येत असेल तर पुढे वाचा.

१. यार्ड की मीटर

खर्च शून्य, वेळ दहा सेकंद. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा हेच निघालं आहे. १३७ हा आकडा ऐकला की मी यंत्र हातात न घेताच 'सेटिंगमध्ये जाऊन एकक बघा' म्हणतो, कारण १५० यार्ड म्हणजे १३७ मीटर. तसंच १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर आणि २०० यार्ड म्हणजे १८३. यंत्र रीसेट झालं, अपडेट घेतलं, किंवा घरातल्या मुलानं बटणं दाबली, की एकक बदलून बसतं. आणि आकड्यापुढे छोटंसं 'मी' किंवा 'या' उन्हात कुणी वाचत नाही.

हे पहिलं तपासायचं कारण असं की ही चूक दिसायला अगदी खऱ्या बिघाडासारखी असते. फरक इतकाही मोठा नाही की हास्यास्पद वाटावा, पण दीडशेवर तेरा यार्ड म्हणजे एक पूर्ण आयर्न.

२. तुम्ही कुठला आकडा वाचताय

पडद्यावर सहसा तीन आकडे असतात: ग्रीनची पुढची कड, मध्य आणि मागची कड. पिन, म्हणजे भोकातला झेंडा, आज कुठे लावली आहे हे यंत्राला कळत नाही. पुढून मागे तीस यार्ड असलेल्या ग्रीनवर पिन मागे असेल तर मध्याचा आकडा बारा-तेरा यार्डांनी कमी वाटेल, आणि शेजारचा मित्र लेझरनं पिन मोजून 'तुझं यंत्र चुकतंय' म्हणेल. दोघांचीही यंत्रं बरोबर असतात. एक ग्रीनचा मध्य सांगतंय, दुसरं झेंडा. ज्या यंत्रांत पिन बोटानं सरकवता येते, तिथे आदल्या होलला कुणी ती सरकवून ठेवली आहे का हेही पाहा.

दुसरी गोष्ट चढ-उताराची. काही यंत्रं सरळ अंतराऐवजी 'खेळताना वाटणारं' अंतर दाखवतात, म्हणजे ग्रीन उंचावर असेल तर आकडा वाढवून देतात. ही सोय चालू असेल तर आकडा खुणेशी जुळणार नाही आणि जुळायलाही नको. पुण्याजवळ लवळ्याच्या टेकड्यांवर खेळणाऱ्यांनी हे आधी बघावं. उलट ही सोय नसलेलं यंत्र फक्त आडवं अंतर सांगतं. ग्रीन दहा मीटर उंच असेल तर सरळ रेषेतलं अंतर अर्ध्या यार्डानंही वाढत नाही, पण चेंडू साधारण दहा-अकरा यार्ड कमी पडतो. असा खेळाडू मग यंत्राला दोष देतो.

स्पर्धेत ही चढ-उताराची सोय बंदच हवी. २०१९ पासूनच्या गोल्फच्या नियमांत, ४.३ मध्ये, अंतर मोजायचं यंत्र वापरायला परवानगी आहे (स्थानिक नियमानं क्लब ती काढून घेऊ शकतो), पण उंचीतला फरक मोजायला नाही. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) पहिल्या चुकीला दोन स्ट्रोकचा दंड, दुसऱ्या चुकीला बाद. यंत्र दुरुस्त करण्याच्या भरात ही सोय चालू राहिली आणि सोमवारी कार्ड रद्द झालं, असं कुणाचं होऊ नये.

एक गोष्ट मुंबईहून येणाऱ्यांसाठी. पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे. इथल्या विरळ हवेत चेंडू साधारण दोन टक्के लांब जातो, म्हणजे दीडशेला तीन यार्ड. तो फरक हवेचा.

३. कोर्स आणि होल बरोबर निवडलंय का

भलताच मोठा आकडा बहुतेक वेळा इथून येतो. यंत्र अजून चौथ्या होलवर आहे आणि तुम्ही पाचव्यावर. दोन होल शेजारीशेजारी, उलट दिशांनी जाणारे असले की आपोआप होल बदलायची सोय फसते, कारण यंत्र तुम्ही आधीचं ग्रीन सोडून पुढच्या टीकडे गेलात का यावरून अंदाज बांधतं. दहाव्या टीवरून सुरुवात केली तर पहिलं होल हातानं निवडावं लागतं. नऊ होलचा कोर्स दोनदा खेळताना दुसऱ्या फेरीत हीच भानगड होते. एकाच परिसरात दोन कोर्स असतील तर यादीतून योग्य नाव घेतलंय का तेही पाहा.

'टी' कुठली निवडली आहे याचा ग्रीनपर्यंतच्या अंतराशी संबंध नाही. त्यानं फक्त कार्डावरचं होलचं एकूण अंतर बदलतं. हा गैरसमज बऱ्याच जणांत आहे.

४. आकाश द्या आणि वेळ द्या

भटकणारा आकडा आणि 'उपग्रह शोधत आहे', या दोन्हींचं उत्तर बहुधा इथे मिळतं.

हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यांचा सिग्नल आपल्यापर्यंत पोचतो तेव्हा अतिशय क्षीण झालेला असतो. जागा ठरवायला किमान चार उपग्रह लागतात, आणि प्रत्येकाकडून 'मी आत्ता नेमका कुठे आहे' ही माहिती उतरवून घ्यावी लागते. ही माहिती सेकंदाला फक्त ५० बिट अशा संथ वेगानं येते. एका उपग्रहाची स्वतःची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. मध्येच तुम्ही रेन ट्रीखाली गेलात किंवा यंत्र बॅगेत टाकलंत की तुटलेला तुकडा पुढच्या फेरीला मिळतो. वेळापत्रक जुनं झालं असेल (यंत्र तीन महिने कपाटात होतं), किंवा यंत्र बंद असताना दिल्लीहून विमानानं आलं असेल, तर ते चुकीच्या जागी शोधत बसतं.

म्हणून माझा रिवाज असा: गाडीतून उतरल्यावर आधी यंत्र चालू करून उघड्यावर, पडदा आकाशाकडे करून ठेवायचं. बूट, हातमोजा, चहा, पटिंगचा सराव होईपर्यंत पंधरा मिनिटं जातातच. क्लबहाउसच्या पत्र्याखाली हे करू नका. ज्यांनी एवढंच सुरू केलं त्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार पुन्हा आली नाही.

खेळताना यंत्र छातीसमोर, पडदा वर करून धरा. बहुतेक यंत्रांत अँटेना वरच्या भागात असते आणि मुठीनं ती झाकली जाते. आपलं शरीर म्हणजे बरंचसं पाणी, आणि पाणी हा सिग्नल शोषतं. त्यामुळे मागच्या खिशातल्या यंत्राला अर्धं आकाश दिसत नाही. बॅगेच्या खिशात, स्टीलच्या शाफ्टांच्या गर्दीत, तर आणखी वाईट. पावसाळ्यात ओल्या पानांखाली हेच होतं. जूनपासून ज्यांच्या तक्रारी वाढतात, ते बहुधा झाडांच्या कडेनं खेळणारे असतात.

कोर्सच्या कडेला काचेच्या उंच इमारती उभ्या राहिल्या असतील तर तिथे वेगळा त्रास होतो. सिग्नल भिंतीवर आपटून वळसा घेऊन येतो, यंत्राला तो लांबून आल्यासारखा वाटतो, आणि आकडा उड्या मारतो. डोंगराच्या कुशीतल्या कोर्सवर, उदाहरणार्थ खारघरला, क्षितिजाजवळचे उपग्रह डोंगराआड जातात आणि उरलेले डोक्यावर एका बाजूला गोळा होतात. अशा जागी दहा पावलं मोकळ्यात जाऊन आकडा घ्या, थांबा, स्थिर होऊ द्या आणि मग पावलं मोजत चेंडूपाशी या. यंत्राला दुरुस्तीची गरज नाही.

चुंबकाच्या क्लिपबद्दल खूपदा विचारतात. चुंबकानं अंतर बिघडत नाही, कारण ते उपग्रहांवरून निघतं. यंत्रात होकायंत्र असेल तर ग्रीनकडे दाखवणारा बाण मात्र फिरू शकतो. बाण चुकत असेल तर क्लिप काढा आणि होकायंत्र पुन्हा जुळवून घ्या.

५. बॅटरी आणि चार्जिंगचे पॉइंट

चालत राहिलं तरी आकडा थांबलेला, मग एकदम खाली: हे बहुधा वीज वाचवण्याच्या सेटिंगमुळे होतं. यंत्र दर सेकंदाला जागा न बघता मधे झोपा काढतं. ते सेटिंग बंद करा आणि एक फेरी खेळून पाहा.

बाराव्या होलला यंत्र मरत असेल तर आधी चार्जिंगची जागा बघा. घाम आणि गवतावरचं पाणी यांनी पितळी पॉइंट हिरवट-काळे पडतात, रात्रभर लावूनही चार्ज पूर्ण होत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या इअरबडनं पुसा, पूर्ण वाळू द्या, दुसरी केबल लावून पाहा. तरीही तीच कथा असेल तर बॅटरी म्हातारी झाली. लिथियम बॅटरीचा मोठा शत्रू उष्णता आहे. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर यंत्र ठेवणं म्हणजे तिचं आयुष्य हातानं कापणं.

६. दोन मोजण्या: यंत्र दोषी की नकाशा

इथे मी जास्त वेळ घालवतो, कारण वरच्या पाच गोष्टींनी न सुटलेली तक्रार या दोन मोजण्यांनी उलगडते.

पहिली मोजणी कोर्सबाहेर करा. जिथे १०० मीटरची सरळ रेषा आखलेली आहे अशा धावण्याच्या ट्रॅकवर जा. बहुतेक यंत्रांत फटका मोजायची सोय असते. सुरुवातीच्या रेषेवर दोन मिनिटं स्थिर उभे राहा, मोजणी सुरू करा, सरळ चालत शेवटच्या रेषेवर जा, पुन्हा थोडं थांबा. आकडा १०९ यार्डांच्या आसपास यायला हवा. चार-पाच यार्ड इकडेतिकडे चालेल. तीन वेळा करा.

या मोजणीत कोर्सचा नकाशा कुठेच येत नाही, ही तिची खुबी. शिवाय दोन मिनिटांच्या अंतरानं घेतलेल्या दोन जागांमध्ये आकाशातली चूक जवळपास सारखीच असते, त्यामुळे वजाबाकीत ती बरीचशी निघून जाते. आमचं डीजीपीएस याच तत्त्वावर चालायचं: एक यंत्र माहीत असलेल्या खांबावर, दुसरं शेतात, आणि पहिल्याची चूक दुसऱ्यातून वजा. तिन्ही वेळा आकडा जमला तर तुमच्या हातातलं यंत्र धडधाकट आहे. ११०, ९४, १२१ असं काही आलं तर दोष यंत्रात आहे, सरळ सातव्या पायरीवर जा.

दुसरी मोजणी कोर्सवर. फेअरवेत (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवतात) जमिनीत बसवलेली १५० ची तबकडी शोधा. कडेचा खांब घेऊ नका, कारण गवत कापताना खांब उपटतात आणि परत लावताना अंदाजानं लावतात. ती तबकडी ग्रीनच्या मध्यापासून मोजली आहे की पुढच्या कडेपासून, हे कॅडीमास्टरना विचारा. बहुतेक ठिकाणी मध्य, पण सगळीकडे नाही. आणि वळणाच्या होलवर ही मोजणी करू नका: तिथे कार्डावरचं अंतर खेळाच्या वाटेनं मोजलेलं असतं, जीपीएस कोपरा कापून सरळ सांगतं.

तबकडीवर पाच मिनिटं उभं राहून दर मिनिटाला आकडा लिहा. घरी या, पुढच्या आठवड्यात तसंच करा, आणि तिसऱ्या आठवड्यात वेळ बदलून करा. आकाशातली चूक दर दिवशी वेगळी असते: आज चार यार्ड जास्त, पुढच्या वेळी दोन कमी. नकाशातली चूक हलत नाही. तीनही आठवडे त्याच बाजूला, तेवढाच फरक आला तर यंत्राच्या पोटातला नकाशा चुकीचा आहे.

आमच्या एका मित्राचं सहावं होल असंच होतं. वर्षभर दर वेळी चौदा यार्ड कमी. त्यानं दुसरं यंत्र विकत घेतलं, त्यावरही तेच. शेवटी सकाळी साडेपाचला, कुणी खेळायला यायच्या आत, परवानगी काढून आम्ही टेप लावली. तबकडी बरोबर होती. ग्रीन आधीच्या वर्षी नव्यानं बांधताना मागे सरकवलं होतं, आणि नकाशे जुनेच होते. टेप पसरताना माझा हात थरथरत होता. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच जमिनीवर टेप लावत होतो.

फोनही मदतीला घ्या. उपग्रह दाखवणारं एखादं मोफत अॅप उघडून फोन आणि यंत्र एकाच जागी धरा. त्या जागी दोन्ही भटकत असतील तर दोष जागेचा. फोन शांत आणि यंत्र भटकतंय, तर दोष यंत्राचा.

७. रीस्टार्ट, मग रीसेट

आधी साधं बंद-चालू. अडकलं असेल तर बहुतेक यंत्रांत पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं की ते नव्यानं सुरू होतं. त्यानं भागलं नाही तर फॅक्टरी रीसेट. त्याआधी जुनी कार्डं, क्लबनिहाय अंतरं, स्वतः सुधारलेल्या पिनच्या जागा उतरवून ठेवा, कारण ते सगळं पुसलं जातं. रीसेटनंतर उघड्यावर किमान वीस मिनिटं ठेवा, कारण आता यंत्राकडे उपग्रहांचं कुठलंच वेळापत्रक नाही. आणि पहिली पायरी पुन्हा करा: रीसेटनंतर एकक बदललेलं असतं.

८. नकाशा ताजा करा

या यंत्रांत जगभरातले हजारो कोर्स आधीच भरलेले येतात. त्यातले कित्येक उपग्रहाच्या चित्रांवरून घरबसल्या आखलेले असतात. चित्र काही मीटर सरकलेलं असेल तर अख्खं होल सरकतं. ग्रीन नव्यानं बांधलं तर नवं चित्र येऊन कुणी ते पुन्हा आखेपर्यंत वेळ जातो.

अपडेटसाठी यंत्र संगणकाला किंवा फोनला जोडावं लागतं. संगणकाला यंत्र दिसतच नाही, असं झालं तर आधी केबल बदला. मोबाइलच्या दुकानातल्या बऱ्याच स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यात माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतात. यंत्रासोबत आलेली मूळ केबल शोधा. या एका गोष्टीवर लोकांनी पूर्ण रविवार घालवलेले मी पाहिले आहेत.

अपडेट करूनही होल चुकीचंच असेल तर कंपनीला कळवा. 'सहावं होल चुकतंय' एवढं लिहून काही होत नाही. कोर्सचं नाव, होल, तबकडीचं अंतर, तीन दिवसांचे आकडे आणि ग्रीनच्या मध्यावर उभं राहून घेतलेले अक्षांश-रेखांश पाठवा. दुरुस्त नकाशा येईपर्यंत त्या होलवर फरक मनात धरून खेळा.

पावसाळ्यात किंवा काम चालू असताना तात्पुरतं ग्रीन असेल, तर नकाशा कितीही ताजा असला तरी उपयोग नाही. तिथे कॅडीला विचारा. त्याच्या पायाखालून ते ग्रीन रोज जातं.

९. जुनं यंत्र आणि मागे गेलेली तारीख

जीपीएस आठवडे मोजतं, आणि जुन्या पद्धतीत तो आकडा १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. म्हणजे सुमारे १९ वर्षं ७ महिने. ऑगस्ट १९९९ मध्ये असं झालं, मग ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, आपल्याकडे ७ तारखेच्या पहाटे साडेपाचला. पुढची वेळ नोव्हेंबर २०३८. काही जुनी यंत्रं तेव्हापासून तारीख जवळजवळ वीस वर्षं मागची दाखवतात, तर काहींच्या सॉफ्टवेअरमध्ये हा उंबरठा दुसऱ्याच एखाद्या दिवशी येतो. कंपनीनं नवं सॉफ्टवेअर दिलं असेल तर ते टाका. ते मिळत नसेल आणि अंतर बरोबर येत असेल, तर तारखेकडे दुर्लक्ष करून खुशाल खेळा. उपग्रह सापडायला रोज अर्धा तास लागत असेल तर मात्र त्या यंत्राचा काळ संपला.

१०. गगन आणि बाकीचे उपग्रह

हे शेवटी, कारण यानं सुधारणा दोन-तीन यार्डांची होते, चौदा यार्डांची नाही. सेटिंगमध्ये जीपीएससोबत ग्लोनास (रशियाचे उपग्रह) किंवा गॅलिलिओ (युरोपचे) घेता येत असेल तर घ्या. झाडांच्या कोर्सवर उपग्रह जास्त असले की अडलेल्यांची भरपाई होते. बॅटरी थोडी जास्त जाते.

इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं विमानांसाठी उभी केलेली 'गगन' ही यंत्रणा जीपीएसच्या चुकांची दुरुस्ती आकाशातून पाठवते. काही यंत्रांत या सोयीचं सेटिंग अमेरिकी यंत्रणेच्या नावानं, 'डब्ल्यूएएएस' असं असतं. ते चालू करून पाहा. आपल्या भागात याला महत्त्व आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जातं, त्यामुळे दुपारी आपल्या डोक्यावरचा आयनांबराचा (वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित भागाचा) थर दाट होतो आणि सिग्नलला उशीर करतो. सूर्यावर हालचाल जास्त असलेल्या वर्षांत, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी, सूर्य बुडाल्यावर सिग्नल थरथरूही शकतो. त्या वेळी शेवटची दोन होल खेळताना आकडा हलला तर यंत्र दुकानात नेऊ नका. सकाळी पुन्हा बघा.

कुठे थांबायचं

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर स्वतः काही करू नका.

बॅटरी फुगली असेल, म्हणजे पाठ उचलली गेली आहे, पडदा कडेनं वर आला आहे, यंत्र टेबलावर सपाट बसत नाही, तर त्याच क्षणी बंद करा. चार्जला लावू नका, दाबून बसवू नका, टोचू नका. फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. कागद-कापडापासून दूर ठेवा आणि अधिकृत सेवा केंद्रात किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, घरच्या कचऱ्यात नको.

पडद्याच्या आत धुकं किंवा पाण्याचा थेंब दिसला, तर सील गेलं. अशा यंत्रांवर बहुधा आयपीएक्स ७ लिहिलेलं असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं. पण ते नव्या सीलबद्दल आहे, चार पावसाळे आणि दोन आपटण्या सोसलेल्या सीलबद्दल नाही. बंद करा, चार्ज करू नका, हेअर ड्रायर लावू नका. गरम हवेनं उरलेलं सील आणि गोंदही सुटतो. तांदळाच्या डब्यात ठेवून आतलं पाणी निघत नाही, उलट पॉइंटमध्ये पीठ जातं.

रीसेटनंतर उघड्या मैदानात तीस मिनिटं ठेवूनही एकदाही जागा मिळाली नाही, आणि शेजारी फोनला मिळतेय, तर अँटेना किंवा रिसीव्हर गेला. यंत्र आपटल्यानंतर हे सुरू झालं असेल तर शंका घ्यायलाच नको. १०० मीटरची मोजणी तिन्ही वेळा फसली आणि रीसेटनंतरही फसली, तरी हेच.

स्वतः स्क्रू काढू नका. अँटेना आणि बोर्ड यांच्यातला जोड नाजूक असतो. एकदा उघडलेलं कवच पुन्हा पाणी अडवेल याची खात्री घरी देता येत नाही, आणि वॉरंटी असेल तर ती तिथेच संपते. परदेशातून आणलेल्या यंत्राची वॉरंटी बहुतेक वेळा त्याच देशापुरती असते, तेव्हा आधी पावती बघा आणि दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्या. तो नव्या यंत्राच्या अर्ध्यावर जात असेल तर मी लोकांना नवं घ्यायला सांगतो.

देताना सोबत एक चिठ्ठी द्या: कुठलं लक्षण, कधीपासून, आपटलं किंवा भिजलं होतं का, सॉफ्टवेअर कुठलं, १०० मीटरच्या मोजणीचे तीन आकडे, तबकडीवरचे आकडे तारखांसह, आणि काय काय आधीच करून पाहिलं. नाहीतर दुकानात फक्त रीसेट करून, 'चालतंय की' म्हणून, यंत्र परत मिळतं. ते हातात आलं की दुकानाबाहेर उघड्यावर पंधरा मिनिटं ठेवा, आणि घरी जायच्या आधी ट्रॅकवर १०० मीटर चालून घ्या. १०९ च्या आसपास आलं तर दुरुस्ती झाली. नाही आलं तर तसंच मागे फिरा, पावती खिशात आहे तोवर.